बर्फवाल्याचा पास

जानेवारीत काजूचा बंद कारखाना झाडून काढला,
भिंतींना अजून टरफलाच्या तेलाचा वास,
गेटवर दोन पोफळींना बांधलेलं कापड:
वेंगुर्ला चित्रपट महोत्सव, वर्ष दुसरं.
पन्नास रुपयांचा पास घेतला मी
आणि बर्फ फॅक्टरीत मुकादमाला सांगितलं,
डोळे दाखवायचे आहेत.
अगदीच खोटं नव्हतं ते.

पडदा रेडकर टेलरने शिवलेला, दोन पन्हे जोडून,
मधोमध आडवी शिवण.
पहिल्या दिवशी ती सगळ्यांच्या गळ्यातून गेली,
एका नवरीच्या, एका हवालदाराच्या, एका बकरीच्या.
पोरं हसली. मग सवय झाली
घरातल्या माणसाच्या तिरळेपणाची होते तशी.

दुसऱ्या दिवशी सातचा सिनेमा
कुठल्यातरी थंड मुलखातला, नाव जिभेवर बसलं नाही.
एक म्हातारा गोठलेल्या तळ्यातून
करवतीने बर्फ कापतो, घसरगाडीवर लादतो.
मुलगी म्हणते, घोडा विकूया.
एवढंच, पाऊण तास.
खाली इंग्रजी अक्षरं धावत होती
आणि आजगावकर मास्तर माईकवर मराठी करून सांगत होते,
दोन वाक्यं मागे राहून, घामाघूम.
शेवटी मागून रुजाय फर्नांडिस ओरडली,
"मास्तर, गप रवा. आमका समाजता."
एकोणीस वर्षं तिने याच शेडमध्ये काजू फोडले,
आज ती खुर्चीवर बसली होती,
तिच्या जुन्या जागेपासून चार हात उजवीकडे.

माझं लक्ष म्हाताऱ्याच्या पायांकडे.
आकडा टोचताना डावा पाय मागे,
गुडघा जरा वाकलेला, कंबर नाही.
हे मला कोणी शिकवलं नव्हतं,
त्यालाही नसणार.
अठ्ठावीस वर्षं लाद्या ओढतोय मी,
बोटांची टोकं मेलेली, चहाचा पेला गरम आहे की नाही
ते ओठांना विचारावं लागतं,
आणि माझं काम असं कोणी
भिंतीएवढं करून दाखवलं नव्हतं.

मग घोडा तळ्याच्या मध्यावर आला.
थांबला.
खालून कुठेतरी आवाज झाला, बारीक, उंच,
आणि लाईट गेली.

जनरेटरमध्ये डिझेल नव्हतं.
दोनशे माणसं काळोखात,
भिंतीपलीकडे भरतीचं पाणी दगडांत शिरत होतं,
आमचं, कधीच न गोठणारं.
कोणी शिटी मारली. कोणाचं तरी पोर रडायला लागलं.
"घोडो वाचतलो," रुजाय म्हणाली.
"खय वाचता," पास्कू म्हणाला, "असल्या पिक्चरात मरतातच."
मग वाद पेटला, बायका एकीकडे, ट्रॉलरवाले दुसरीकडे,
शेवटी कोणीतरी माझ्या खांद्यावर हात ठेवला:
"तू सांग रे बर्फवाल्या. धरतलो?"

शेड गप्प झाली.
एवढ्या माणसांनी एकदम माझ्या तोंडाकडे पाहिलेलं
(काळोखात का होईना) मला आठवत नाही,
लग्नातही नाही.

तडकणं वेगळं आणि फुटणं वेगळं.
कोमट पाण्यात सोडली की लादी तडकते,
तो आवाज जाड, पोटातून येणारा.
बारीक, उंच आवाज ज्याचा, तो बर्फ
आतून पोकळ असतो. माणूस त्यावरून जाईल,
घोडा नाही.

"धरतलो," मी म्हणालो.

टाळ्या पडल्या. रुजायने पिशवीतून खटखटे लाडू काढले,
लाईट साडेदहाला आली, तोवर निम्मी शेड घरी,
मास्तर पडद्याची घडी घालत होते.
पुढच्या आठवड्यात त्यांनी पेनड्राइव्ह आणून दिला,
"शेवट बघा, तुम्हांला आवडेल."
आवडेल म्हणजे काय, ते मी विचारलं नाही.

फॅक्टरीच्या खणात आहे तो,
पावतीपुस्तकं आणि गंजलेल्या चाव्यांसोबत.
पहाटे चारला बोटी लागतात,
पहिली लादी वर येते, धूर सोडत,
आणि आकडा टोचण्याआधी हल्ली
मी क्षणभर कान लावतो.
मुकादम विचारतो, डोळे दाखवलेस ना,
मग हे काय नवीन?